मोसंबीच्या बागेतलं रील

मोसंबी सोलली की त्या वासासोबत माझी चिडचिडही परत येते. मी स्वतः लिहून गायलेलं पहिलं गाणं नेटवर टाकलं होतं, आणि ते लोकांपर्यंत पोचवायचं म्हणून एक मित्र मला नागपूरहून नरखेडकडच्या एका मोसंबीच्या बागेत रील काढायला घेऊन गेला. मी उसनं चकचकीत जॅकेट घालून, भर उन्हात, मोबाइलवर वाजणाऱ्या माझ्याच गाण्यावर नुसते ओठ हलवत होतो. "हस ना गा, लोक तीन सेकंदांत पुढे जातात," मित्र सारखा म्हणायचा. गाणं माझे वडील गेले त्यावरचं होतं. त्यात हसू काहून, हे विचारून मी थकलो. तेवढ्यात लाइन आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि मोबाइल ऐकू येईना. बागेचे मालक, एक म्हातारे काका, उठले आणि त्यांनी मोटर बंद केली. दिवसातून मोजके तास वीज मिळते, तरी. "सकाळपासून तोंडच हालवून राहिला तू," ते म्हणाले. "आता खरंच म्हण ना, मले ऐकाचं हाय." मी अख्खं गाणं म्हटलं. तोवर मित्र मोबाइल खिशात टाकून गाडीकडे निघून गेला होता. ते रील मात्र खूप चाललं. अजूनही लोक विचारतात, जॅकेट कुठून घेतलं.