सतरंजीवरची जागा

बोरी अरबच्या जय बजरंग मंडळाचा कबड्डीचा संघ सात वर्षं सलग का हरला, याचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कारणाचं नाव डोमाजी. वय चाळिशीच्या आसपास, धंदा घरांना चुना मारायचा, बांधा तुरीच्या काडीचा. आयुष्यात एकदाही त्याने मैदानात उतरून कबड्डी खेळलेली नव्हती. न खेळता आपल्या संघाला हरवणारा असा गडी जिल्ह्यात दुसरा नसावा.

न खेळल्याचं दुःख त्याला होतं. पोरपणी तो एका दमात नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत "कबड्डी कबड्डी" म्हणत जायचा आणि परत यायचा. पण कबड्डीत गडी गड्याला धरतो, आणि महारवाड्यातल्या पोराला धरायचं म्हणजे बजरंगबलीला काय वाटेल, अशी काळजी मंडळाला होती. मग डोमाजीने मैदानात शिरायची दुसरी वाट शोधली. तो फक्की मारू लागला, म्हणजे मैदानाच्या रेघा चुन्याने आखू लागला. मंडळाची पोरं टोपल्याने चुना ओतायची, तेव्हा मधली रेघ शेताच्या धुऱ्या-बांधाएवढी रुंद व्हायची. डोमाजी आधी सुतळी ताणायचा, पाण्याचा हलका शिपका द्यायचा आणि फडक्याच्या पुरचुंडीतून चाळलेला चुना टिपत टिपत जायचा. दोन बोटं रुंदीची, काठाला धारदार अशी रेघ उमटायची. तिच्यावर नख टेकलं तरी दिसायचं. रेघ संपली की दोन्ही टोकांना तो एकेक बारीक फुली मारायचा आणि बाजूला व्हायचा. मग सामना पाहायचा, तोही उभ्याने, बाभळीखाली. मंडळाच्या माणसांसाठी सतरंजी अंथरलेली असे. तिच्यावर बसायचा प्रश्न नव्हता.

सतरंजीच्या बरोबर मध्यभागी बसत मंडळाचे अध्यक्ष झिंगराजी पाटील. त्यांनीही कबड्डी कधी खेळली नव्हती, पण त्यांचं कारण वेगळं होतं, त्यांना धाप लागायची.

मंडळाची एक रीत होती. सामन्याआधी मारोतीपुढे नारळ फुटायचा, आणि खेळाशी ज्याचा ज्याचा संबंध त्या प्रत्येकाने खोबऱ्याचा तुकडा खायचाच. गड्यांनी खायचा, पाणी पाजणाऱ्याने खायचा, शिट्टी सांभाळणाऱ्याने खायचा. डोमाजीच्या ओंजळीतही पाटील एक तुकडा टाकत, वरून, हातभर अंतर ठेवून. डोमाजी तो झेलायचा आणि खायचा. संघ जिंकत होता, सगळं आबादीआबाद होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी बायकोला, रुखमाबाईला, घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन बौद्ध होऊन परत आला. पुढच्या संक्रांतीला दारव्ह्याच्या संघाशी सामना होता. डोमाजीने नेहमीसारखी फक्की मारली. नारळ फुटला, पाटलांनी हातभर अंतरावरून तुकडा टाकायला हात पुढे केला. डोमाजीने ओंजळ केलीच नाही. हात जोडले.

"पाटील, राग मानू नोका. मी आता देवाचा परसाद खात नाही. वचन देल्लं हाय."

त्या दिवशी बोरी हरली.

आता खरं सांगायचं तर संघातला पहिला चढाईचा गडी दिवाळीतच अमरावतीला पोलिसात भरती झाला होता. दुसऱ्याचा गुडघा बैलाने लाथ मारून मोडला होता. तिसरा लग्न झाल्यापासून सासरच्या तुपावर असा काही फुगला होता की त्याला पकडायची गरज नसे, तो आपणच बसायचा. पण ही कारणं सोपी होती, म्हणून कोणाला पटली नाहीत. झिंगराजी पाटलांनी खोल विचार केला आणि निकाल दिला, की डोम्याने परसाद नाकारला, बजरंग कोपला. आधी त्याने नारळाला हात लावला असता तर नारळ बाटला असता. आता त्याने हात लावला नाही म्हणून संघ बाटला. दोन्हीकडून दोष त्याचाच, हा हिशेब मात्र पक्का होता.

पुढच्या सामन्याला पाटील म्हणाले, "डोम्या, फक्की मार अन् जाय तिकडं लांब. तुही सावली पोरायवर पडून राह्यली."

डोमाजी बाभळीखालून विहिरीपाशी गेला. संघ हरला. मग त्याला विहिरीपासून कोंडवाड्याच्या भिंतीपर्यंत हटवलं. संघ हरला. मग भिंतीच्या पलीकडे, कोंडलेल्या गुरांमध्ये. तरी संघ हरलाच. रेघ मारायला डोमाजी चालत होता, कारण तशी रेघ दुसऱ्या कोणाला जमत नव्हती. पाहायला तेवढा चालत नव्हता. विदर्भ मध्यप्रदेशात असताना जिंकणारा हा संघ, विदर्भ मुंबई राज्यात गेला तसा हरला, आणि साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा नव्या राज्यातही त्याने जुनी परंपरा मोडली नाही.

भिंतीआडून डोमाजीला काही दिसायचं नाही. तो ऐकायचा. दमाचा आवाज कुठून कुठे सरकतोय, यावरून गडी कुठवर गेला ते तो ओळखायचा. लोकांचं "अरे अरे" ऐकलं की आपला पकडला गेला, हेही त्याला कळायचं, आणि त्या काळात ते फार वेळा कळायचं. हरलेल्या संघाची पोरं माना खाली घालून घरी जात, तेव्हा भिंतीवरून डोकं काढून ओरडणारा एकटा डोमाजी असे, "चांगले खेळले रे! त्या डाव्या कोपऱ्याकडं ध्यान द्या फक्त!"

रुखमाबाईचं तोंड धारेचं होतं.

"सात जनं मैदानात, अन् हरले तं तुमच्यामुळं," ती म्हणायची. "नाचता येईना, आंगन वाकडं. अन् तुमी त्याईच्याच आंगनात फक्की माराले जाता! काही लाज?"

"रेघ वाकडी आली तं पोरं कशी खेळतीन?"

"मंग जा. ढोरायमंदी उभे राहा."

"मले जागा पाह्यजे रुखमे," तो एकदा म्हणाला. "बसून, सगळ्यायसंगं, एक मॅच पाहाची हाय. बस, येवढंच."

त्रेसष्ट साल उजाडेपर्यंत गावात दम धरू शकणारं पोरगं उरलं नाही. नाइलाज झाला तेव्हा मंडळाला शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा दिसला. तो तिथे दोन-तीन पिढ्यांपासून होता, पण मंडळाला त्याच वर्षी दिसला. तिथला गुलाबसिंग संघात आला. येताना त्याने आपल्यासारखे तिघं आणले, उन्हातान्हात गुरांमागे पळून पायाचं लाकूड झालेले. संघ उभा राहिला. सरावाच्या मैदानात फक्की मारताना डोमाजी त्याला डाव्या कोपऱ्याबद्दल सांगायचा, आणि गुलाबसिंग ऐकून घ्यायचा. या संघाला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकणारा मिळाला होता.

चौसष्टच्या माघात कळंबला चिंतामणीच्या यात्रेत मोठे सामने भरले. बोरी धडपडत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली, आणि समोर यजमान कळंबचाच संघ आला. आदल्या दिवशी पाटील स्वतः डोमाजीच्या दारापर्यंत आले. आत नाही, दारापर्यंत.

"डोम्या, पाया पडतो बाप्पा, या खेपेले तू येऊ नोको."

"तुमच्या ट्रकमंदी नाही येत पाटील," डोमाजी म्हणाला. तो खोटं बोलत नसे. पाटील खूश होऊन गेले, आणि डोमाजी त्याच रात्री यवतमाळकडे जाणाऱ्या कापसाच्या गाडीवर चढला. पुढची वाट पायाने तुडवत सकाळी कळंबच्या मैदानात पोचला.

पोचला आणि त्याने कपाळावर हात मारला. यजमानांनी राखेने रेघा ओढल्या होत्या. मधली रेघ हातभर रुंद, त्यात दोन ठिकाणी वळण, आणि मधोमध एक म्हैस बसलेली. हे पाहून गप्प बसणं त्याला जमलंच नसतं. त्याने चुना मागितला. यजमानांना वाटलं, ग्रामपंचायतीचा माणूस असेल. त्यांनी टोपलं दिलं. कुठला म्हणून कोणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. म्हैस उठवली, सुतळी ताणली, पाणी शिंपडलं आणि रेघ मारली. रेघ दोन्ही संघांना सारखीच होती. मग तो कळंबवाल्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.

शेवटच्या मिनिटाला बोरी एका गुणाने पुढे होती. कळंबचा धिप्पाड गडी चढाईला आला, त्याने दोघांना हात लावला आणि परत वळला. गुलाबसिंग डाव्या कोपऱ्यातून झेपावला आणि त्याने त्याचा घोटा धरला. दोघं मधल्या रेघेपाशी आडवे झाले. कळंबचा गडी ओरडला, "बोट टेकलं! रेघेले बोट टेकलं!" हजार लोक त्याच्या बाजूने ओरडले. डोमाजी त्यांच्यातच उभा होता, टाचा उंचावून आपली रेघ पाहत.

पंच गुडघ्यावर बसले. राखेची रुंद रेघ असती तर देवालाही सांगता आलं नसतं. पण ही रेघ टोकापासून टोकापर्यंत अभंग होती, काठाचा एक कणही हललेला नव्हता. आणि गड्याच्या बोटाला चुना नव्हता, माती होती. पंचांनी हात वर केला. गडी बाद.

बोरीत ट्रक शिरला तेव्हा डफडी वाजत होती. दुसऱ्या दिवशी चावडीपुढच्या त्याच मैदानात सत्कार झाला, सतरंजी अंथरली गेली. डोमाजी थकून भागून सकाळीच परतला होता, आणि सवयीने कोंडवाड्याच्या भिंतीशी उभा होता. पाटील बोलायला उठले.

"पोरायचं कौतुक हायेच. पन असली गोष्ट सांगतो. या वक्ती एक जन आला नव्हता. तो आला नाही, म्हून आपन जिकलो! आता तुमीच समजा." लोक हसले आणि भिंतीकडे पाहू लागले.

एवढी वर्षं डोमाजीने हे ऐकलं होतं. त्या दिवशी त्याला खरंच सोसवेना. तो भिंतीपासून निघाला आणि थेट सतरंजीच्या काठाशी येऊन उभा राहिला.

"पाटील, मी होतो. सारी मॅच पाह्यली. मधली रेघ मीच मारली."

गुलाबसिंग उठला. "खरं हाय. टोकाले फुली होती. मले वाटलंच, डोमाकाका आल्याशिवाय अशी रेघ मारते कोन?"

झिंगराजी पाटलांची अडचण झाली, पण क्षणभरच. सात वर्षांचं मत ते सात अंक मोजेपर्यंत बदलू शकत होते, या वेळी तेवढेही लागले नाहीत. "आँ! म्हंजे तुहाच गुन आला तं! डोमाजी," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा नावाला 'जी' लागला, "आता असं कर, दर मॅचले तूच पाह्यजे. असाच पायी ये, हाच सदरा घाल, असाच गर्दीत लपून राह्य. तुह्यासारखा शकुन नाही गावात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजी हसला नाही.

"मी अपशकुन नव्हतो पाटील, अन् शकुनबी नाही. पोरं चांगली खेळली म्हून जिकलो. कावळा बसला अन् फांदी तुटली, असं नोका करू. मले फक्त बसाले जागा पाह्यजे. हारलो तं सगळे मिळून हारू."

गुलाबसिंग सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. नाइलाजाने पाटीलही वीतभर सरकले. डोमाजीने चपला काढल्या आणि तो बसला.

पुढच्या संक्रांतीला दारव्ह्याने बोरीला दणदणीत हरवलं. डोमाजी त्या दिवशी सतरंजीवर बसून हरला. घरी आल्यावर रुखमाबाईने विचारलं, "झाली का मॅच?" तर तो म्हणाला, "झाली. लय चांगली दिसते तिथून."