कडा नसलेला फळा

आमच्या दादानं आईसाठी पुण्याहून एक फळा पाठवला. खराखुरा नाही, लॅपटॉपवरचा. त्या फळ्याला कडा नाहीत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिकडे सरकाल तिकडे तो आणखी पुढे असतोच. त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, एका चिठ्ठीकडून दुसरीकडे बाण काढायचे, फोटो लावायचे. पुण्यात दादा, नाशकात धाकटी बहीण आणि वर्ध्याजवळ नालवाडीत मी, तिघंही तो एकाच वेळी उघडू शकतो. दादाच्या ऑफिसात म्हणे सगळी कामं अशाच फळ्यावर ठरतात.

"एकदा सगळं समोर मांडलं की गोंधळ राहत नाही," दादा म्हणाला.

गोंधळ माझ्याकडे होता आणि मांडायला तो बसला होता. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती उभी राहिलीच नाही. तेव्हापासून ती पुढच्या खोलीतल्या पलंगावर आहे. मी देवळीच्या शाळेत शिकवते. शाळेच्या वेळात एक बाई तिच्याजवळ बसते, बाकी सगळा वेळ मी. तिला कुशीवर वळवणं, डायपर, चादरी, पाठीला पावडर, पेज, गोळ्या. लग्न मी केलं नाही, त्यामुळे हे सगळं माझ्याकडे येणार यात कोणाला काही ठरवावं लागलं नाही.

आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा विहारातल्या बाया भेटायला यायच्या. हातात केळी, नाहीतर बिस्किटाचा पुडा. सल्ले त्याही द्यायच्या, ढिगानं द्यायच्या. पण बोलता बोलता एखादी उठून मेथी निवडून ठेवायची, एखादी दोरीवरच्या चादरी काढून घड्या घालायची. फळ्यावर येणाऱ्यांना बिस्किटाचाही खर्च नाही.

पहिले काही दिवस मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. दादानं औषधांसाठी हिरव्या चिठ्ठ्या ठरवल्या, सुचलेल्या कल्पनांसाठी पिवळ्या, तातडीच्या गोष्टींसाठी गुलाबी. पाठीवरच्या जखमेपासून एक बाण हवेच्या गादीकडे गेला, तिथून दुसरा बाण 'लोकांचे अभिप्राय वाचा' इथं जाऊन थांबला. बहिणीनं लिहिलं, 'सकाळी नाचणीची पेज?' दादानं त्यावर अंगठा लावला. मग 'बदाम भिजवून?' 'रोज उन्हात बसवावं?' 'जुनी गाणी ऐकवावी?' प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी प्रश्नचिन्ह, आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाचं उत्तर म्हणजे मी. एका कोपऱ्यात 'कोण काय करणार' असं शीर्षक होतं. त्याखाली वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं आणि दादानं ते फार सुंदर अक्षरात लावलं होतं.

हिवाळ्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, लहानसं ऑपरेशन आहे, फक्त नंतर महिनाभर वजन उचलायचं नाही. मी हसले. आईचं वजन त्यांना कोण सांगणार? ऑपरेशन एकदा पुढे ढकललं, मग पुन्हा. शेवटी डॉक्टरांनीच रागावून उन्हाळ्याच्या सुट्टीतला दिवस दिला. मी फळ्यावर गुलाबी चिठ्ठी लावली, 'माझं ऑपरेशन. महिनाभर आईजवळ कोण येणार?'

दोघांनीही त्यावर बदाम लावले. लाल, धडधडणारे. मग दादानं ती चिठ्ठी उचलून 'चर्चेसाठी' या चौकटीत नेऊन ठेवली. ती तिथं राहिली.

त्याच दिवसांत मला फळ्यावर उजवीकडे जायची सवय लागली. शाळा सकाळची झाली होती, दुपारी आईचा डोळा लागला की मी मोबाइलवर फळा उघडून बोटानं सरकत जायची. नाचणी, गाद्या, बाण सगळे मागे पडायचे आणि मग नुसतं पांढरं. आमच्या घरात दोन खोल्या. एकीत पलंग, चाकाची खुर्ची, कूलर, डायपरचे पुडे. दुसरीत बाकीचा संसार. इतकी मोकळी जागा मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. एक दिवस तिथं मी चिठ्ठी लावली, 'पाठ दुखते.' कोणाला सांगायला नाही, उगाच. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'शाळेत पोरांवर विनाकारण ओरडले.' मग 'दोघांचाही राग येतो.' एका दुपारी आईनं पेज थुंकली, मी चादर बदलली, तिनं पुन्हा थुंकली. त्या दिवशी मी लिहिलं, 'आई आता गेली तर बरं होईल.'

लिहिलं, आणि मला हलकं वाटलं. लाजही वाटली, पण आधी हलकं वाटलं. एवढ्या लांब कोण येणार होतं?

त्या फळ्याच्या कोपऱ्यात एक बटण आहे. ते दाबलं की फळ्यावर जे जे आहे ते सगळं एका पडद्यात मावेल इतकं लहान होतं. ते बटण मला माहीत होतं. पण लांबवर टाकलेली एखादी चिठ्ठीसुद्धा ते बटण सोडत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी वहीतलं मागचं पान समजून लिहीत गेले.

दर रविवारी सकाळी आमची व्हिडिओवर बैठक व्हायची. आईलाही सामील करून घ्यायचं, असा बहिणीचा आग्रह. म्हणून मी लॅपटॉप पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि एकीकडे आईला पेज भरवायची. त्या रविवारी विषय माझं ऑपरेशन हाच होता. दादानं महिन्याचं सगळं नियोजन नव्यानं मांडलं होतं. त्याचा पडदा आम्हाला दिसत होता. "थांबा, आधी पूर्ण चित्र दाखवतो," म्हणत त्यानं ते बटण दाबलं.

सगळं एकदम बारीक झालं. आईची औषधं, गाद्या, नाचणी, दादाचं नियोजन, सगळं डाव्या कडेला मुंग्यांसारखं गोळा झालं. मध्ये पांढरं. अगदी उजवीकडे चार ठिपके.

"हे इतकं लहान का दिसतंय?" बहीण म्हणाली.

"चुकून काहीतरी तिकडं पडलेलं दिसतं," दादा म्हणाला. "साफ करतो."

तो त्या ठिपक्यांकडे निघाला. माझ्या हातात चमचा होता. लॅपटॉप बंद करता आला असता, स्टूल हातभरच लांब होतं. पण हात हललाच नाही. मला वाटतं, मी इतकी थकले होते की पकडलं जाण्याचीसुद्धा घाई नव्हती.

दादाला बैठकीत चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायची सवय आहे. "पाठ दुखते," त्यानं वाचलं. "शाळेत पोरांवर विनाकारण ओरडले." इथं त्याचा आवाज जरा उतरला. 'दोघांचाही राग येतो' हेही त्यानं वाचलं. "आई आता गेली तर बरं..." आणि तो थांबला. पुढचा एकच शब्द राहिला होता, तो पडद्यावर सगळ्यांना दिसत होता.

कूलर घरघरत होता. "कोणी लिहिलं हे?" बहीण म्हणाली. जसे काही आम्ही पंधरा-वीस जण होतो.

"पुसून टाकतो," दादा म्हणाला. "चुकून झालं असंल ते. मी पुसतो."

"राहू दे," आई म्हणाली.

आई त्या बैठकांत कधी बोलायची नाही. कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवायची आणि डोळे मिटून घ्यायची. आत्ता तिचे डोळे उघडे होते.

"पुसू नोको रे ते. मलेई रोज तसंच वाटते. तिनं लिवलं तरी. माह्या हातात पेन धरवत नाई, मी कोठं लिवू?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग चमच्याकडे.

"दे वं," ती म्हणाली. "थंडी होऊन राह्यली पेज."

मी दिली. तिनं ती थुंकली नाही.

त्या आठवड्यात फळ्यावर एकही नवी चिठ्ठी आली नाही. गुलाबी चिठ्ठीवरचे बदाम मात्र कोणीतरी काढून टाकले होते. आणि ऑपरेशनच्या आदल्या सकाळी दादा बॅग घेऊन दारात उभा होता. कळवलं नव्हतं. वहिनीची नोकरी, पोरीची परीक्षा, त्यांचं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात मी भरती झाले आणि तिथं नुसती झोपले. नर्स उठवायची, मी पुन्हा झोपायची. पोटाला टाके होते, तरी इतक्या वर्षांत एवढं सुख मला मिळालं नव्हतं.

घरी आले ते मागच्या खोलीत पडायला. पुढच्या खोलीत दादा. सुरुवातीला तो मला मोबाइलवर, फळ्यावरच्या चिठ्ठ्यांतूनच दिसायचा. 'चादर बदलण्याची सोपी पद्धत', बाणांसकट. 'पेजेची योग्य वेळ'. 'वळवण्याचं वेळापत्रक'. मी उशीवर पडल्या पडल्या वाचायची आणि टाके दुखतील म्हणून हसू आवरायची. मग चिठ्ठ्या कमी झाल्या. मग थांबल्या. त्याचे ऑफिसचे फोन तो अंगणात जाऊन घ्यायचा आणि "हो, हो" एवढंच बोलायचा. दाढी वाढली होती. एका दुपारी आईनं भरवलेलं सगळं बाहेर काढलं, त्यानं सगळं धुतलं, आईनं पुन्हा काढलं. मी ऐकत होते. त्यानंतर तो लॅपटॉप घेऊन उंबऱ्यावर बसला. बराच वेळ बसला. आत आला तेव्हा माझ्याकडे न बघता पाणी प्यायला.

संध्याकाळी मी फळा उघडला. काही शोधायचं नव्हतं, सवयीनं ते बटण दाबलं.

सगळं बारीक झालं. या वेळी बाकीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मध्ये आला. उजवीकडे माझे चार ठिपके होते. आणि डावीकडे, तितक्याच लांब, आणखी एक.

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. बोटानं सरकत गेलं की वाचता आलं असतं. पुढच्या खोलीतून आईची हाक आली, माझ्या नावाची नाही, त्याच्या. "आलो माय," दादा म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. पुण्याला गेल्यापासून तो आईच म्हणत होता.

मी फळा बंद केला आणि भिंतीचा आधार घेत पुढे गेले. तो एकटाच ओली चादर ओढत होता. वजन उचलू नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चादरीचं टोक काही वजन नसतं. मी ते धरलं.