डाव्या हाताचे उलथणे

घड्याळजीच्या दुसऱ्या बायकोबद्दल शेजारीपाजारी म्हणत, "पोर गुणाची आहे, पण स्वयंपाकघरातला हात तिचा नाही." आणि असे म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. तिला सगळे धाकटी म्हणत. वास्तविक थोरली तिच्या लग्नाआधीच वारली होती.

थोरली डावखुरी होती. धाकटीला हे कुणी सांगितले नव्हते. थोरलीच्या लोखंडी उलथण्यानेच सांगितले. कढईच्या तळाशी वर्षानुवर्षे घासून त्याची धार एका अंगाला तिरकी झिजली होती. उजव्या हातात ती तळाला टेकतच नसे. एक दिवस वैतागून धाकटीने उलथणे डाव्या हातात घेतले, आणि वाट पाठ असल्यासारखे ते तळावरून फिरले. त्या काळ्याभोर कढईला तेल नावापुरते लागे, आच विझवली तरी ऊब सरत नसे. धाकटीला तिचा लळा लागला. रोज सकाळी तोच आवाज उमटू लागला: खर्र, खर्र, आणि शेवटी काठावर एक टक्क.

बाहेरच्या खोलीत घड्याळजीचे दुकान होते. घड्याळ उघडण्याआधी नुसते कानाशी धरून तो त्याचे दुखणे सांगे. एका सकाळी डोळ्याला भिंग लावलेले असतानाच त्याने आत हाक दिली, "अगं, मीठ बेतानं टाक. आज आई जेवायला आहे."

त्याची आई थोरलीच्याही आधी गेली होती.

धाकटीने उलथणे कढईतच सोडले. तिने दारातून डोकावले, तेव्हा भिंग मुठीत धरून तो भिंतीकडे बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी घरात नवी चकचकीत भांडी आली.

"ती कढई माळ्यावर टाक," तो म्हणाला.

"का? तिनं काय वाकडं केलंय?"

"जड आहे. मनगट भरून येतं."

"माझं मनगट तुम्हाला आजच दिसलं वाटतं!"

नव्या भांड्यांत फोडणी एकीकडे कच्ची राही, दुसरीकडे जळे. तेही तिने सोसले असते. पण स्वयंपाकाची वेळ झाली, की घड्याळजी हातातले काम थांबवी आणि मान आतल्या बाजूला कलती करून बसे. कढई वाजली तर हा थोरलीशी बोलणार, नाही वाजली तर तिची वाट बघणार. मग या घरात आपण आहोत तरी कुठे, हा प्रश्न धाकटीला पोखरू लागला.

तिने माळ्यावरून कढई खाली घेतली. शेजारच्या शिंपीणकाकू दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाई. मेलेलीच्या मुठीवर मूठ ठेवायची म्हणजे..."

"म्हणजे काय, काकू?"

"काही नाही. आपलं सांगितलं."

"मग ही नवी भांडी तुम्हीच न्या. सुया-बटणं ठेवायला बरी आहेत."

काकू गेल्या. धाकटीने कढईचा गंज काढला, तेलाचा हात फिरवून ती तापवली आणि जाणूनबुजून उलथणे डाव्या हातात घेतले. खर्र, खर्र, टक्क.

बाहेर खुर्ची सरकली. पावले जवळ आली आणि उंबऱ्याशी थबकली. लग्न झाल्यापासून घड्याळजी या खोलीत कधी आला नव्हता. ताट तो बाहेरच मागवी. आता त्याला फक्त तिची पाठ आणि फिरणारा डावा हात दिसत होता.

"कोण आहे?" त्याने विचारले.

उलथणे थांबले नाही.

"मी आहे. तिला शोधत आला असाल, तर ती इथे नाही. जेवायला आला असाल, तर ताट घ्या आणि आत बसा."