पिवळ्या दिव्याखालचा हिरवा

छापखान्यात त्यांना सगळे करडेकाका म्हणत. त्यांच्या खोलीच्या भिंती करड्या, अंगातला सदराही करडा. भडक कपड्याची झाक स्क्रीनवर पडते आणि डोळे फसतात, म्हणून. मी मशीनवर होते. एकदा लाल स्वेटर घालून आत गेले, तर दारातूनच पिटाळलं मला.

एकाच रंगाबद्दल स्कॅनर एक सांगतो, स्क्रीन दुसरंच दाखवते, प्रिंटर तिसरंच छापतो. या तिघांचं आपसात पटवून देणं हे त्यांचं काम. माणसांशी मात्र त्यांचं कधी फारसं पटलं नाही. पटायचं ते फक्त घरी काकूंशी, आणि त्या गेल्या.

काकूंचा एकच धड फोटो होता, स्वतः विणलेल्या हिरव्या स्वेटरमधला. तोही रंग उडून तांबूस झालेला. निवृत्त व्हायच्या आत तो हुबेहूब छापायचा, एवढं एकच त्यांनी मनावर घेतलं होतं. शिवणाच्या डब्यात स्वेटरची उरलेली लोकर सापडली. तिच्याशी ताडून त्यांनी फोटो छापला. आमच्या धंद्यात रंग दिवसाच्या उजेडाला पारखतात, तसाच पारखला. तंतोतंत जुळला.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले. घरच्या पिवळ्या दिव्याखाली लोकर हिरवीगार दिसत होती आणि फोटोतला स्वेटर मातकट.

"अहो, शाई वेगळी, लोकरीचा रंग वेगळा. दोन्ही उजेडांत कसं जुळेल? गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना?" मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला सांगायला काय जातंय? मी तिला दिवसा पाहिलंच कधी? उजाडलं की इथे, अंधार पडला की घरी. मला ती दिव्याखालचीच माहीत आहे."

मग त्यांनी दिव्याखाली जुळेल असा फोटो नव्याने छापला. दिवसा तो स्वेटर भलताच निळसर दिसायचा. चालेल म्हणाले. दिवसा घरी असतंय कोण?

निवृत्त झाल्यावर मात्र दिवसभर घरीच. एका दुपारी मी भेटायला गेले. बाहेर लख्ख ऊन, आणि आत पडदे घट्ट ओढून पिवळा दिवा लावलेला. फोटोसमोर एकटेच बसले होते. मला रागच आला. तरातरा जाऊन मी पडद्याला हात घातला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आत्ताच तर ती घरात आहे."