देवीबाईंची रशियन लस

आमच्या देवीबाईंच्या थर्मासात लस एकच असे, पण लालबागेत ती रशियन होई आणि फणसवाडीत इंग्रज. परळच्या नाक्यावर एक वैद्यबुवा राहत. त्यांच्या घरी ती थेट आपल्या ऋषिमुनींची असे, साहेबाने नुसती बाटलीत भरलेली. हे सगळं बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, आणि सांगता सांगता समोरच्याचा दंड कापसाने पुसून मोकळ्या होत.

देवीबाई म्हणजे म्युनिसिपालटीच्या देवी टोचणाऱ्या बाई. त्यांना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कोणी वापरलं असेल असं मला वाटत नाही. काळ्या काठाचं पांढरं लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला बर्फाचा थर्मास, आणि पिशवीत ते दातेरी चकतीचं हत्यार. दंडावर लसीचा थेंब टाकून ती चकती गर्रकन फिरवली की पोर असं किंचाळे की खालच्या वाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघे. माझ्या डाव्या दंडावर त्यांनी काढलेली दोन गोल फुलं अजून आहेत. मी तेव्हा फणसवाडीत, माहेरी होते, आणि माझे वडील मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत की मुलीला विलायती लस टोचली आहे.

पुढे माझं लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, आणि त्याच सुमारास बाईंचीही बदली तिकडेच झाली. पहिल्याच महिन्यात जिन्यावर आवाज ऐकला, “घाबरू नका, रशियाची आहे,” आणि मी पोळपाट टाकून बाहेर आले. बाईंनी मला ओळखलं. जरा थांबल्या, डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, “तू फणसवाडीतली ना? मग तू गप्प बस.” मी गप्प बसले.

ते दिवसच असे होते की कुठलीही गोष्ट कोणाच्या बाजूची आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे निघत होते, गोळीबार झाले होते, आमच्या आसपासच्या चाळींतली माणसं गेली होती. आणि पेपरात विज्ञानाच्या बातम्या तर रोज नव्या. संध्याकाळी गॅलरीत पेपर मोठ्याने वाचला जाई आणि प्रत्येक बातमीवर मतदान होई. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे पाऊस बिघडला, अशी बातमी आली की आमच्या मजल्याचं म्हणणं पडे, अमेरिकेच्या बॉम्बने बिघडला. रशियाचा बॉम्ब फुटला तरी ढग जागच्या जागी राहत असावेत. माहेरी गेले की वडील नेमकं उलट सांगत. वनस्पती तुपाने डोळे जातात ही बातमी मात्र दोन्ही घरांनी एकमताने मान्य केली, आणि तूप परवडत नसल्यामुळे दोन्ही घरांनी वनस्पतीच खाल्लं.

आमच्या गॅलरीचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, मूळचे मालवणचे, पक्के लाल बावट्याचे, आणि बेळगाव-कारवारसाठी तीन आठवडे तुरुंगात जाऊन आलेले. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. रशियाने आभाळात नकली चंद्र सोडला तेव्हा ते दोन रात्री गच्चीत मान वर करून उभे होते, आणि तिसऱ्या दिवशी मानेला आयोडेक्स लावून घेतलं. ज्या सरकारने गोळी घातली त्याची सुई आपल्या पोरांना कशाला, असं पहिल्यांदा तेच म्हणाले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं की सुई म्युनिसिपालटीची आहे, लस रशियाची. मामंजींनी थर्मासाकडे नव्या आदराने पाहिलं आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रशियान आभाळात चंद्र सोडलो. तेंची लस वायट आसतली काय?”

त्या रविवारी त्यांनी अख्खी चाळ रांगेत उभी केली. म्हातारे, तान्ही पोरं, रात्रपाळी करून झोपलेले, कोणाला सोडलं नाही. फक्त स्वतः “मी शेवटी, मी शेवटी” करत राहिले, आणि शेवट जवळ आला तेव्हा त्यांना समितीच्या कचेरीत तातडीचं काम निघालं. पोलिसांच्या लाठीपुढे छाती काढून उभा राहिलेला हा माणूस त्या टिचभर चकतीला भीत होता. मी पाहिलं, बाईंनीही पाहिलं. त्यांनी कापूस आवरला आणि त्या गेल्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की इतक्या थापा मारताना काही वाटत नाही का. तेव्हा त्या जिन्यात बसून माझ्या हातचा चहा पीत होत्या. म्हणाल्या, “लस काय करते, कितीपत दुखते, ताप येतो का, याबद्दल आजवर एक शब्द खोटा बोलले नाही. कुठून आली एवढंच ज्याला जे हवं ते सांगते. तो पत्ता काही अंगात जात नाही.” मला ते पटलं. चोविसाव्या वर्षी मला बरंच काही पटत असे.

घात झाला तो माझ्या मुलीच्या बारशाला. बारसं अर्थात माहेरी, फणसवाडीत. मामंजी धुतलेलं धोतर, काळी टोपी घालून आले, माझ्या वडिलांशेजारी गादीवर बसले. दोघे व्याही एकमेकांशी बोलताना नेहमी जरा फुगून बोलत. घुगऱ्या खाता खाता वडिलांनी विषय काढला की नातीला देवी टोचायच्या तर इकडेच टोचून घ्या, आमच्या इकडे पूर्वीपासून विलायती लस मिळते. मामंजी हसले आणि म्हणाले की विलायती आता कोण विचारतो, आमच्याकडे रशियाची येते. वडील म्हणाले, शक्य नाही. मामंजींनी बाईंचं वर्णन सांगितलं. काळा काठ, पुरुषी घड्याळ. वडील म्हणाले, त्याच तर आमच्या आधीच्या बाई. पाळण्याशी बायका गात होत्या, आणि गादीवर दोन म्हातारे एकमेकांकडे नुसते बघत होते. मी पाळण्याची दोरी जरा जास्तच जोरात ओढली.

दोघांची आयुष्यात पहिल्यांदा एकी झाली ती त्या दिवशी. दोघांनीही ठरवलं की बाई ठक आहेत, आणि ज्या लसीचा पत्ता खोटा तिच्यात काय असेल याचा भरवसा नाही. मामंजींनी लालबागेला परतताच चाळीला सांगितलं, यापुढे बाईंना जिना चढू द्यायचा नाही.

मी तीन महिन्यांनी लेकीला, नंदाला, घेऊन सासरी आले तेव्हा शेजारच्या चाळीत देवीचा पहिला रोगी सापडला होता. नंदाच्या दंडावर अजून काहीच नव्हतं. दाराला कडुनिंबाचे डहाळे लावलेली खोली आमच्या खिडकीतून दिसे. मी दिवसातून चार वेळा नंदाचं अंग तपासायची, आणि प्रत्येक घामोळीला माझं काळीज तोंडाशी येई. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले बाबांशी बोल. बाबांशी कोण बोलणार?

मग बाई आल्या. अडवलं तरी जिना चढून आल्या आणि गॅलरीत उभ्या राहिल्या. मामंजींनी सगळ्यांसमोर विचारलं की खरं सांगा, लस रशियाची की विलायतेची? बाईंनी थर्मास खाली ठेवला. म्हणाल्या, “दोन्हीकडची नाही. चुकले माझं. ही बेळगावला तयार होते. पूर्वीपासून तिथलीच येते.”

आजही सांगते, हे अक्षरन् अक्षर खरं होतं. आणि गॅलरी अशी हसली की पायऱ्यांवरची पोरंही न कळता हसायला लागली. कोणी म्हणालं, आता बेळगाव, उद्या कारवार. कोणी म्हणालं, निपाणीची असेल तर तंबाखूसकट द्या. एकटे मामंजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. ज्या गावासाठी ते तुरुंगात गेले होते त्याचं नाव घेऊन ही बाई आपल्याला गंडवते आहे, असं त्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, “बाय, बेळगावाची चेष्टा करू नको,” आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लालबागेत बाई पहिल्यांदा खरं बोलल्या, आणि तेवढंच कोणाला खपलं नाही.

नळाशी मी त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, दुपारी दवाखान्यात असते, मुलीला घेऊन ये. मी विचारलं, घरी काय सांगून येऊ? बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच माझी लाज वाटली.

मी मामंजींना सांगितलं की माहीमला शितळादेवीची ओटी भरून येते. लाल बावट्याचा माणूस, देवाधर्माला नाक मुरडणारा, पण शितळादेवीपुढे त्यांचाही आवाज खाली येई. बरं, जा, म्हणाले, आणि नारळ स्वतः आणून दिला. तो नारळ पिशवीत घेऊन मी दवाखान्यात गेले, नंदाला टोचून आणलं, आणि परत येताना नारळ फोडून प्रसाद म्हणून अख्ख्या मजल्याला वाटला. पुढे पंधरा दिवस, भर उन्हाळ्यात, तिला लांब बाह्यांचं झबलं घालून ठेवलं. मुलीला थंडी बाधते, असं सांगितलं. मे महिना होता.

झबल्याच्या बाह्या मी आखूड केल्या त्याच आठवड्यात मामंजींना ताप भरला.

तिसऱ्या दिवशी कपाळावर दाणे उठले. म्युनिसिपालटीची गाडी आली, त्यांना घेऊन गेली, खोलीत औषध मारून गेली. ते गाडीत चढताना नंदाकडे बघत होते. आदल्या संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याच मांडीवर होती. तिच्या दंडावर काय आहे हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी अजून विसरलेले नाही. मी गाडीमागे धावत गेले आणि ओरडून सांगितलं की तिला टोचलंय. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

त्या दिवसांत मला स्वतःची फार चीड आली. मुलीसाठी मी माहीमची देवी उभी केली, आणि म्हाताऱ्यासाठी मला एक साधी थाप सुचली नव्हती. सुचवून बघितलीच नव्हती. बाई आल्या तेव्हा हे त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या की ही चूक तुझी नाही, माझी आहे. त्या रविवारी तुझ्या सासऱ्यांना पळताना मी पाहिलं होतं. अख्खी चाळ आणून दिली होती त्यांनी, म्हटलं माणसाची चार लोकांत शोभा नको. बाईंचा चहा तसाच निवला.

दीड महिन्याने मामंजी परत आले. सगळा चेहरा खड्ड्यांनी भरलेला, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. नंदा त्यांना बघून किंचाळली. ते दारातच बसले, लांबूनच तिच्या दंडावरचा वण बघत राहिले, आणि म्हणाले, “शितळादेवी पावली म्हणायची.” एवढाच काय तो माझा न्यायनिवाडा झाला. मग चहा न घेताच ते उठले आणि दवाखान्यात जाऊन बाईंना घेऊन आले. स्वतःचा दंड आधी पुढे केला. बाई म्हणाल्या, तुम्हाला आता गरज नाही. म्हणाले, तरी टोचा, लोक बघतायत. डोळे गच्च मिटून घेतले होते, पण हलले नाहीत.

त्यानंतर ते रोज गिरणी सुटली की बाईंबरोबर चाळीचाळीतून जाऊ लागले. एक स्टूल घेऊन दारात बसत. भाषण नाही, घोषणा नाही. लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत आणि दंड पुढे करत. लस कुठली हे कोणी विचारेना. पेपरात काय आलंय, कोणाच्या राज्यात काय चाललंय, काही नाही. बाई सांगायला तोंड उघडत, तोवर बाह्या वर गेलेल्या असत.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस बाईंची बदली अँटॉप हिलकडे झाली. शेवटच्या दिवशी त्या आमच्याच जिन्यात टेकल्या होत्या. मी चहा दिला आणि सहज म्हणाले की आता किती सोपं झालं, तुम्हाला एक थाप मारावी लागत नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “अगं, असा चेहरा बघून कोणावर बाही वर करायची वेळ येऊ नये, म्हणून तर थापा मारत होते.”

आणि त्या रडायला लागल्या. इतक्या पोरांना रडवलेली बाई, पण रडायचं कसं ते त्यांना नीट येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खालून मामंजींची हाक आली, पुढच्या चाळीत माणसं खोळंबली आहेत. बाईंनी पदराने डोळे पुसले, थर्मास खांद्याला लावला आणि खाली गेल्या.