बोललेलं ऐकू येणारा फोन

फोन वाजला की वसंततात्या आधी जागा बदलायचे. जेवायला बसलेले असोत की कुणाच्या घरी सोयरिकीचं बोलणं चाललेलं असो, ते उठून उघड्यावर जायचे. डाव्या कानावर तळहात गच्च दाबायचे, उजव्या कानाला फोन लावायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "बोला, ऐकतोय." आम्हाला वाटायचं, रेंज शोधतायत. तेही तसंच सांगायचे. "टावर हाय, रेंज बी हाय, पर माझ्या वाटनीची दुसराच कोन वापरतोय," असं म्हणून हसायचे.

तात्या कळंबचे. तीन एकर पेरूची बाग, दोन मुलं, दोघंही शेतात. माझे वडील आणि ते शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे सणसरला आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं कायमचं. बागेइतकाच त्यांचा जीव सोयरिकी जुळवण्यात होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतली लग्नं त्यांनी जमवली. मोबदला म्हणाल तर लग्नात एक टॉवेल-टोपी. आधी ते मोटारसायकलवरून दारोदार जायचे. मग गुडघे दुखायला लागले आणि सगळं बोलणं फोनवर आलं. "मधला मानूस म्हंजी पानी," ते म्हणायचे. "ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात जायचं, पर वाटंत आपल्या पदरचं काय मिसळायचं न्हाय."

माझ्यासाठीही त्यांनीच स्थळ आणलं होतं. कऱ्हाटीचं घर, मुलगा नोकरीला, बागायती शेती. मी तेव्हा बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. मुलगा भला होता, पण लग्नानंतर मी काम सोडावं असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि नकार दिला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी माझ्यासमोरच तात्यांना फोन लावला.

"वसंता, पोरगी न्हाय म्हनती."

पलीकडून तात्या काहीतरी म्हणाले. अण्णा पुन्हा म्हणाले, "न्हाय. न्हाय म्हनती."

"बरं बरं," तात्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "मंग कळवतो तिकडं. आयतवारी येतो."

"ये की," अण्णा म्हणाले. मित्र येणार म्हटल्यावर आणखी काय म्हणायचं असतं?

आमच्याकडे न्हाय आणि व्हय हे दोन शब्द किती जवळजवळ राहतात, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी केस धुऊन अंगणात बसले होते. आई मेथी निवडत होती. दारात दोन गाड्या थांबल्या. पुढच्या गाडीतून कडक इस्त्रीच्या कपड्यांत तात्या उतरले आणि त्यांच्या मागून कऱ्हाटीची मंडळी. मुलाच्या आईच्या हातात साडी आणि नारळ होता, कुणाकडे पेढ्यांचे पुडे. साखरपुड्याला आले होते ते.

आई मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. अण्णा गोठ्यातून आले, पंच्याला हात पुसत. त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग तात्यांकडे. "वसंता, हे काय?"

"काय म्हंजी? तूच तर म्हनला हुतास, पोरगी व्हय म्हनती."

"मी न्हाय म्हनलो हुतो."

मुलाच्या आईनं हातातला नारळ पदराखाली घेतला. ते मला आजही दिसतं. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. मुलगा गाडीतून अर्धा उतरला होता, तो पुन्हा आत जाऊन बसला.

आमचे एक चुलते मध्ये पडले. "आता आल्यात तर उरकून टाका. स्थळ कुठं वाईट हाय? दारातनं मानसं परत पाठवायची म्हंजी इज्जत जाती." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर जोर करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या क्षणी त्यांच्या नजरेत विनवणी होती. आणखी कुणी एकदा बोललं असतं तर मी कदाचित मान हलवली असती.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "पोरीवर जोर करू नका. निरोप माझ्याकडनं उलटा गेला." मग लगेच त्यांनी खिशातून फोन काढला. "ह्यो फोन फुटका हाय. आवाजच धड येत न्हाय."

मुलाच्या काकांनी तो फोन त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या फोनवरून त्यावर कॉल केला आणि आपला फोन एका पुतण्याकडे देऊन त्याला लांब जाऊन बोलायला सांगितलं. फोन कानाला लावून ते थोडा वेळ थांबले. मग तो परत देत म्हणाले, "चांगला खनखनीत येतोय की आवाज."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन खिशात ठेवला नाही, मुठीत धरून उभे राहिले. पाहुणे पाणीसुद्धा न घेता गेले. तात्यांना कुणी गाडीत बस म्हणालं नाही. ते चालत एसटीच्या फाट्याकडे गेले.

पुढं जे व्हायचं ते झालं. कऱ्हाटीत सांगितलं गेलं की सणसरची पोरगी ऐनवेळी फिरली. ती गोष्ट गावोगाव पोचताना वाढत गेली. कुणी म्हणे तिचं दुसरीकडं जमलंय, कुणी म्हणे बापालाच जास्त मोठं घर हवंय. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली एक बाई माझं आडनाव ऐकून म्हणाली, "म्हंजी ती तूच का?" मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते. तो सोडून मी पुन्हा बांधला. आईनं भिशीला जाणं बंद केलं. अण्णा कळंबच्या बाजाराला जायचे ते वालचंदनगरला जायला लागले. आणि खरं काय घडलं हे चारचौघांत सांगू शकणारा एकच माणूस होता, तो कुठं दिसत नव्हता. तात्या फोनही उचलत नव्हते.

महिन्याभरानं ते लॅबच्या दारात उभे दिसले. दाढी वाढलेली. म्हणाले, "पोरी, तुला मोबाईलमधलं कळतं. मला एक घिऊन दे. फोटू नको, गानी नकोत, काय नको. बोलल्यालं ऐकू आलं म्हंजी झालं."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जवळच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं सवयीप्रमाणे कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. तात्यांनी तिला हात करून थांबवलं. "ताई, ह्यात मानूस कसा ऐकू येतो त्ये सांगा." मुलगी समजूतदार होती. तिनं मोठ्या आवाजाचे, वाऱ्याचा आणि गर्दीचा आवाज कमी करणारे फोन काढले, कळंबला कोणत्या कंपनीची रेंज चांगली येते तेही विचारलं.

"मी हितनं ऐकतो," तात्या मला म्हणाले. "तू भायेर जाऊन बोल. व्हय म्हन, न्हायतर न्हाय म्हन. मी वळखतो."

मी दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहिले आणि त्यांनी हातात घेतलेल्या फोनवर बोलायला लागले. व्हय. न्हाय. न्हाय. व्हय. त्यांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. त्यांचा चेहरा उजळत गेला. आतून मुलीला सांगत होते, "बघा, म्हनलं न्हवतं, फोनच खराब हुता."

ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी वळून रस्त्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "न्हाय."

"व्हय," तात्या म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले, "न्हाय, तात्या."

"व्हय म्हनतीयस की."

मुलीनं दुसरा फोन दिला, मग तिसरा. पाठ फिरवली की त्यांचं चुकायचं, तोंड समोर केलं की बरोबर यायचं. मी आत आले तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "काका तुमच्या ओठांकडे बघून सांगतायत." तात्यांना ते ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं.

ते दुकानातल्या स्टुलावर बसले. काउंटरवर मांडलेले फोन त्यांनी एकेक करून तिच्याकडे सरकवले. "फोन समदे चांगले हायत, ताई," ते म्हणाले. "ठिवून द्या."

बाहेर आल्यावर बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "मला दोन वरसं म्हाईत हाय. बायकोला बी सांगितलं न्हाय. बहिऱ्याला कोन सोयरीक सांगतंय? त्या दिवशी तुमच्या दारात जिभंवर आलं हुतं. पर एवढ्या मानसांत... फोनावर ढकललं. आन् मंग लोकं तुला बोलाय लागली तरी गप बसलो. शरम वाटली, पोरी. आधी कानाची, आन् मंग गप बसल्याची."

मला राग येत होता आणि त्यांच्याकडे पाहून तो टिकतही नव्हता. ते म्हणाले, "कऱ्हाटीची एसटी कवा हाय?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. आधी मी नको म्हणत होते, पण त्यांनीच सांगितलं, "मला त्यांचं बोलनं ऐकू आलं न्हाय तर तू सांग. आता अर्धवट ऐकून चालनार न्हाय."

मुलाची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा कठोर झाला. मुलाचे काका आतून आले. तात्यांनी बसायला नकार दिला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मी बहिरा झालोय. ह्या पोरीनं पैल्यापासनं न्हायच म्हटलं हुतं, तिच्या बापानं मला दोनदा सांगितलं. फोन चांगला हुता. त्या दिवशी मी खोटं बोललो. पोर फिरली न्हाय. तुमचा अपमान मी केला, तो माझ्या नावावर ठिवा. गावात सांगायचं तर तसं सांगा."

काका काहीतरी तोडून बोलायच्या बेतात होते. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. मग उठून तात्यांच्या अगदी समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आमाला बी एक फोन करून इचारता आला असता. न इचारता गावभर सांगत बसलो." आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आत ये, बाई. च्या घे." चहा गोड होता की कसा, मला आठवत नाही. कुणीच कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

त्यानंतर लोकांचं बोलणं हळूहळू थांबलं. आई भिशीला जायला लागली. तात्यांनी कानाचं मशीन बसवून घेतलं आणि एक मोठ्या पडद्याचा मोबाईलही घेतला. पडद्यावर माणसाचं तोंड दिसलं की त्यांचं फारसं चुकायचं नाही. आता कुणी नवीन भेटलं की त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "मला कमी ऐकू येतं. म्होरं बसून बोला." सोयरीक मात्र त्यांनी परत एकही जुळवली नाही. लोक मागे लागायचे. ते म्हणायचे, "पान्यात माती कालवली, आता कुनाच्या वाफ्यात सोडू?"

आणि ते आमच्या घरात आले नाहीत. अण्णा त्यांच्या बागेत जाऊन बसायचे, गप्पा व्हायच्या, पण सणसरला ये म्हटलं की तात्या पेरूच्या फांद्या निरखायला लागायचे. माझं लग्न पुढं मी निवडलेल्या मुलाशी झालं. अण्णा स्वतः आमंत्रण घेऊन गेले. तात्यांनी मांडवात पाय ठेवला नाही. आदल्या दिवशी आपल्या मुलाबरोबर पेरूचे क्रेट पाठवले, वरची फळं एकेक पुसून ठेवलेली. मी फोन केला, पडद्यावर त्यांना म्हणाले, "तात्या, आम्ही सगळं विसरलोय." ते म्हणाले, "तुमी इसरलाच पायजे. मी इसरून कसं चाललं?"

तात्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. दहाव्याला आम्ही कळंबला गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोनं अण्णांना सांगितलं, "एसटीतनं जाताना तुमचं दार आलं की ह्ये खिडकीकडनं तोंड फिरवून बसायचे." अण्णा उठून तात्यांच्या बागेत जाऊन बसले.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. सकाळी आईनं स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली तरी अण्णा पेपर वाचत राहिले. तिसऱ्यांदा मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून अंगात सदरा घातला.

"बारामतीला चल," ते म्हणाले. "मला बी कमी ऐकू याय लागलंय. वसंतानं उशीर केला. मी करत न्हाय."