अकरा नावं आणि एक खलबत्ता

कॉल कट केला की तुमचा फोन ऐकायचं थांबतो, हे तुम्हाला नक्की कोणी सांगितलं? ज्यांनी कॉलचं अ‍ॅप बनवलं, त्यांनीच ना?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, हे आधीच सांगते. निमोणे गावातल्या आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. मला अक्षरओळखही त्यावरूनच झाली. आप्पा पत्रकं लिहायचे, आई ती चिकटवायला खळ शिजवायची. घरात बैठक असली आणि कोणाचं नाव निघालं, की आई उंबऱ्याशी बसून लोखंडी खलबत्त्यात कुटायला लागायची — बाहेर कोणी उभं असलं तर त्याला नाव ऐकू जाऊ नये म्हणून. दोन ठोके, मग कडेनं एक फेर. कधीकधी खलबत्ता रिकामाच असायचा.

आई जाऊन चार वर्षं झाली.

मी कारेगावात खोली घेऊन राहते, जवळच्याच एका कारखान्यात लाइनवर होते. तिथं सगळ्यांना एक कॉलिंग अ‍ॅप सक्तीचं केलं गेलं. त्यानंतर आम्ही घरात बोललेल्या गोष्टी सुपरवायझरच्या तोंडून ऐकू यायला लागल्या. आम्हाला युनियन करायची होती. अकरा जणी सहीला तयार होत्या. नावं आधी फुटली असती, तर सही व्हायच्या आतच अकराही गेटबाहेर.

माझी शाळेतली मैत्रीण सारिका दौंडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. ती म्हणाली, "नुसता संशय घिऊन काय व्हतंय? पुरावा धर." तिनं ते अ‍ॅप उलगडायला घेतलं — बनवणारे आतलं काही दाखवत नाहीत, म्हणून पाना घेऊन मोटार खोलावी तसं. मला तिनं सांगितलं, फोनला लॅपटॉपमधून नेट दे आणि फोनमधून बाहेर जाणारं सगळं लॅपटॉपवर साठव.

गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी, सुपरवायझरचा कॉल आला. चार मिनिटं. कट करून फोन गादीवर ठेवला. तेवढ्यात मंदाताई आल्या — लाइनवरच्या सगळ्यात जुन्या. (नाव बदललंय.) चहा झाला. आणि मी... जी सगळ्यांना फोनपासून जपा म्हणून सांगत फिरायची, तीच मी चिठ्ठी काढून अकरा नावं मोठ्यानं वाचली. फोन गादीवरच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, लॅपटॉप घेऊन दौंड गाठलं.

"कॉल किती येळ झाला म्हणालीस?" सारिकानं विचारलं.

"चार मिनिटं."

"मग पुढची चाळीस मिनिटं हे काय चाललंय?"

फोनमधून आवाज कुलूपबंद होऊन बाहेर जात होता, पण त्या कुलपाची किल्ली अ‍ॅपमध्येच तिला सापडली होती. तिनं फाइल उघडली. हेडफोनचा एक कान तिला, एक मला.

ग्लास ठेवल्याचा आवाज. मंदाताईंचा खोकला. "साखर कमी टाक गं बाई, डॉक्टरनी दम दिलाय." सगळं लख्ख. मग माझा आवाज — "हं, आता नावं वाचते."

ठक. ठक. मग लोखंडावर लोखंड फिरल्यासारखं. ठक. ठक. पुन्हा तो फेर...

खाली माझा आवाज पुटपुटल्यासारखा, पण नाव एकही कळत नव्हतं. मग ठोके थांबले आणि मंदाताई स्पष्ट म्हणाल्या, "अकरा म्हंजी लई झाल्या की."

"कोण कुटतंय?" सारिका म्हणाली.

"कोणी नाही. खोलीत मिक्सर आहे, तोही बिघडलेला."

"नेट तुटलं असलं तर आवाजाचं तुकडं पडत्यात, न्हाईतर गप व्हतो. असा वरून दुसरा आवाज चढत न्हाई." तिनं फाइल तीनदा नव्यानं काढली. तिन्ही वेळा तेच. मंदाताईंना साध्या फोनवरून विचारलं. "कुठलं कुटनं? फॅनबी बंद हुता."

तशीच निमोण्याला गेले. आप्पांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. माळ्यावरून खलबत्ता उतरवला. पत्रकांत गुंडाळलेला, सुतळीची गाठ तशीच, वर धुळीचा थर.

"दोन ठोकं आन् एक फेर," आप्पा म्हणाले. "तिचंच हाय." मग सुतळीच्या गाठीवर बोट ठेवून — "गेल्यापासनं मला कवा ऐकू आली न्हाई ती."

सोमवारी ऑफिसात बोलावणं आलं. फक्त मला. साहेबांना गुरुवार माहीत होता, चहासुद्धा माहीत होता. "ती दुसरी बाई कोण? आणि त्या अकरा कोण?" तीनदा विचारलं. शेवटी वैतागून म्हणाले, "आणि मध्येच काय कुटत होता तुम्ही?"

"चटणी," मी म्हटलं.

मला गेटबाहेर काढलं. अकराही जणींनी त्याच आठवड्यात सह्या केल्या, अर्ज दाखल झाला, त्या आजही कामावर आहेत. फोन का ऐकत होता, ते मला कळतं — मालकाला कामगार एकत्र आलेले चालत नाहीत. पण ते ठोके कुठून आले? सारिका अजून शोधतेय. मला आजही सांगता येत नाही.

तुम्हाला एकच विनंती. कोणाचं नाव घेण्याआधी उठा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी माझी आई बसलेली नाही.